मानेवरचा काळा पट्टा

सातवी-आठवीतल्या मुलाच्या मानेवर, मागच्या बाजूला, हळूहळू एक काळसर पट्टा दिसायला लागतो. आई म्हणते, नीट आंघोळ करत नाही. मग दही-बेसन, लिंबाची फोड, घासणी, दिवाळीचं उरलेलं उटणं असे सगळे प्रयोग होतात. मान लाल होते, क्वचित सोलवटते. काळेपणा जागचा हलत नाही. काखेतही तोच रंग असतो, पण तिकडे कोणाचं लक्ष जात नाही. हात लावून पाहिला तर ती त्वचा जराशी जाड आणि मखमलीसारखी लागते. तो मळ नसतो. रक्तात इन्सुलिन प्रमाणाबाहेर वाढलं की ते त्वचेच्या पेशींनाही वाढायला लावतं, त्याची ती खूण. डॉक्टर तिला अकॅन्थोसिस नायग्रिकन्स म्हणतात. घरात कोणाला मधुमेह असेल, मुलाचं पोट सुटलेलं असेल आणि मानेवर असा पट्टा असेल, तर घासाघीस थांबवून रक्त तपासायला हवं.

गंमत नाही, पण असा पट्टा दिसतो तेव्हा साखरेचा रिपोर्ट बहुतेक वेळा नॉर्मलच येतो आणि सगळे निर्धास्त होतात. जेवणातली साखर रक्तात उतरली की ती साठवण्याची सगळ्यात मोठी जागा म्हणजे आपले स्नायू. दिवसभर बसलेल्या शरीरात स्नायू कमी असतात आणि जे असतात तेही वापरले जात नाहीत, त्यामुळे आलेली साखर घ्यायला तिथे जागाच नसते. ती यकृताकडे वळते, तिथे तिची चरबी होते, चरबीने भरलेलं यकृत इन्सुलिनला दाद देईनासं होतं, आणि मग स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन सोडून साखर कशीबशी आटोक्यात ठेवतं. ही ओढाताण वर्षानुवर्षं चालते. कागदावर उपाशीपोटीची साखर ९२ असते आणि आत स्वादुपिंड थकत चाललेलं असतं. त्यात वयात येण्याच्या काळात प्रत्येकच मुलात इन्सुलिनचा परिणाम निसर्गतः थोडा घटतो, वाढ पूर्ण झाली की पुन्हा सुधारतो. ज्याचं स्वादुपिंड दमदार आहे तो यातून सहज बाहेर पडतो. ज्याचं मुळातच तोकडं आहे, त्याची साखर याच वयात वर सरकते.

हे तोकडेपण आपल्याकडे किती आहे, ते पुण्यात झालेल्या कामाने दाखवून दिलं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातून १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या बायकांची, त्यांच्या गरोदरपणाची आणि पुढे त्यांच्या मुलांची नोंद ठेवायला सुरुवात केली. जन्मलेली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाला बरीच हलकी होती. स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने राखलेली. ही मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हा सहाशेहून अधिक जणांची साखर तपासली गेली. ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांची साखर मर्यादेबाहेर निघाली. त्याच तपासणीत जवळजवळ निम्म्यांचं वजन कमी होतं, म्हणजे बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) १८.५ च्याही खाली. शहरात पिझ्झा खाऊन सुटलेली मुलं नव्हेत ही, खेड्यातली किडकिडीत पोरं. याज्ञिकांनीच २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर एक छोटा मजकूर छापला होता. त्यात दोघांचा शेजारी-शेजारी फोटो आहे. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२.

म्हणून ‘आमच्या पोराच्या अंगाला काही लागतच नाही’ या वाक्याने निश्चिंत व्हायचं कारण नाही. काटा सोडा, टेप घ्या. मुलाला सरळ उभं करा, शर्ट वर. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मधोमध टेप आडवी धरा, त्याला नेहमीसारखा श्वास सोडू द्या आणि मग वाचा. पोट आत ओढून घेतलं की आकडा फसतो, आणि पँटच्या मापावरून अंदाज बांधला तर तो हमखास चुकतो, कारण मुलं पँट पोटाखाली घालतात. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा. उंची १६६ सेंटीमीटर असेल तर घेर ८३ च्या आत. हातपाय काडीसारखे आणि घेर ८६, ही जोडी वजनकाट्यावर कधीच पकडली जात नाही.

आता सवयींकडे. तरुण मुलांच्या सवयींबद्दल बोलताना जीभ, आळस आणि मोबाइल यांवर खापर फोडण्याची पद्धत आहे. पण दहावी ते बारावीच्या मुलाचा दिवस घड्याळ लावून पाहिला तर त्यातल्या बऱ्याच सवयी मोठ्यांनी आखलेल्या वेळापत्रकातून आलेल्या दिसतात. सकाळी साडेसहाची शिकवणी, मग कॉलेज, दुपारी टेस्ट सिरीज, संध्याकाळी पुन्हा क्लास, साडेआठला घर, दहाला जेवण, त्यानंतर अभ्यास. सकाळी घाईत चहा आणि दोन-चार बिस्किटं. डबा एकला खाल्ला तर खाल्ला. पाच वाजता पोटात आग पडलेली असते, खिशात तीस-चाळीस रुपये असतात आणि क्लासच्या दाराशी वडापाव, चायनीज भेळ नि कोल्ड्रिंकची गाडी असते. वडापावाला नावं ठेवून काही साधत नाही. त्या क्षणी तिथे दुसरं काही नसतं.

या पाच वाजण्याचीच व्यवस्था केली तर अर्धी लढाई जिंकली असं मला वाटतं. मूठभर भाजलेले चणे, साधारण ३० ग्रॅम, यात सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. तेवढ्याच शेंगदाण्यांत सात. एका उकडलेल्या अंड्यात सहा. दोन थालीपिठं दह्याबरोबर, मोडाच्या मटकीची कोरडी उसळ, राजगिऱ्याची वडी आणि एक केळं, यातलं काहीही सकाळी भरलं तर संध्याकाळपर्यंत टिकतं (उसळीला ओलं खोबरं घालू नका, ती आंबते). १६ ते १८ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण ५५ ग्रॅम आणि मुलीला ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. लातूर-नांदेडला खोली घेऊन राहणाऱ्या मुलांचा मेसचा डबा यावर तोलून बघा. एका पोळीत तीन ग्रॅम, पातळ वरणात तीन-चार, भातात दोन-तीन, बटाट्याच्या रश्शात जवळपास काही नाही. वेळेला तीन पोळ्या धरल्या तरी दोन वेळचे मिळून तीसच्या आसपास रखडतात. उरलेली भूक मुलं रात्री बाराला नूडल्स करून भागवतात. गावाहून खाऊ पाठवताना चिवडा-चकलीऐवजी दोन किलो फुटाणे आणि शेंगदाणे पाठवले, आणि मेसवाल्याला रोज एक अंडं किंवा वाटीभर घट्ट वरण वाढवायला सांगून त्याचे वेगळे पैसे दिले, तर ही तूट बरीचशी भरून निघते.

साखर आणि मीठ यांचा हिशेब पाकिटावरच छापलेला असतो, फक्त वाचायला शिकवावं लागतं. कोल्ड्रिंकमध्ये १०० मिलीला १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे ३०० मिलीच्या बाटलीत तीस-बत्तीस ग्रॅम, आठ चमचे. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरासाठी जास्तीत जास्त २५ ग्रॅमच्या आसपास वरून घेतलेली साखर इष्ट मानते. आंब्याचं टेट्रापॅक पेय फळाचं म्हणून विकलं जातं, साखर मात्र कोल्ड्रिंकच्या तोडीची. मिठासाठी पाकिटावर सोडियमचा आकडा शोधा आणि अडीचने गुणा. हजार मिलिग्रॅम सोडियम म्हणजे अडीच ग्रॅम मीठ. मोठ्या माणसाची दिवसाची मर्यादा पाच ग्रॅमच्या आत आहे. आणखी एक मेख अशी की हे आकडे बहुधा १०० ग्रॅमचे दिलेले असतात, पाकिटाचे नव्हे. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ नि चरबीचे पदार्थ विकू नयेत असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. शिकवणीवर्गांना मात्र तो फारसा कोणी लावत नाही, आणि मुलं तर शाळेपेक्षा तिथेच जास्त वेळ असतात. एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर ‘मुलांसाठी नाही’ हे छापणं कायद्याने बंधनकारक आहे. परीक्षेच्या आधी जागायला म्हणून ते पिणाऱ्या मुलाला ती ओळ एकदा वाचून दाखवा. २५० मिलीत ७५ मिलिग्रॅमच्या आसपास कॅफीन असतं, आणि त्यातलं निम्मं पाच तासांनीही रक्तात असतं.

यावरून झोपेकडे यावंच लागतं, कारण खाण्याइतकीच ती महत्त्वाची आहे आणि तिला कोणी रोगाशी जोडत नाही. तेरा ते अठरा या वयाला रोज आठ ते दहा तास झोप हवी. वयात येताना शरीराचं घड्याळच तास-दोन तास पुढे सरकतं. रात्री अकराला झोप न येणं हा उद्धटपणा नसतो. पण सकाळची शिकवणी पुढे सरकत नाही, म्हणून झोप दोन्हीकडून कातरली जाते. शिकागो विद्यापीठात १९९९ साली अकरा धडधाकट तरुणांना सहा रात्री चारच तास झोपू दिलं, तर तेवढ्यातच त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता स्पष्ट घसरली. शिवाय अपुऱ्या झोपेने भूक वाढते, आणि तीही गोड-तळलेल्याची. राज्य सरकारने २०२४ मध्ये शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं ते चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी. ज्यांचं घड्याळ खरोखर उशिरा चालतं ती पंधरा-सोळा वर्षांची मुलं त्यात नाहीत. पहाटेच्या बॅचऐवजी संध्याकाळची बॅच मिळत असेल तर ती घ्यावी, मग त्यासाठी नावाजलेले सर सोडावे लागले तरी चालेल. घरात करण्याजोगं म्हणजे मोबाइल चार्जिंगला हॉलमध्ये लावायचा आणि गजराला साधं घड्याळ आणायचं. ‘गजर मोबाइलमध्ये आहे’ या एका कारणापायी तो उशाशी राहतो. चहा-कॉफी दुपारी चारनंतर नको. रविवारी बारापर्यंत झोपून राहिलं तर त्या रात्री झोप लागत नाही, म्हणून सुट्टीचं उठणं नेहमीपेक्षा फार तर दोन तास उशिरा असावं.

हालचालीचं प्रमाण सर्वांना तोंडपाठ आहे, रोज साठ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ ची माहिती तपासली तेव्हा भारतातली ११ ते १७ वयाची चारांतली जवळपास तीन मुलं त्याच्या खाली होती. दहावीत पीटीचा तास गणिताला जातो, क्लासला मुलगा स्कूटीवर जातो, मैदानावर गाड्या उभ्या असतात. यावर उपाय म्हणून सलग तास शोधत बसू नये. सायकलने क्लासला जाऊन-येऊन अर्धा तास, जेवणानंतर पंधरा मिनिटं शतपावली, उरलेली पंधरा मिनिटं घाम काढणारं काही, एवढ्यात भरतं. जेवणानंतरचं चालणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. स्नायू आकुंचन पावताना रक्तातली साखर इन्सुलिनच्या मदतीवाचूनही आत खेचून घेतात, म्हणजे थकलेल्या स्वादुपिंडाचा भार तेवढा वेळ तरी हलका होतो. आठवड्यातून तीन दिवस स्नायूंवर ताण देणारं हवं: जोर, बैठका, सूर्यनमस्कार, दोरीवरच्या उड्या. बिघडतं कसं, तर सोमवारी उत्साहाने एकदम तासभर धावायचं, गुरुवारपर्यंत नडगी ठणकायला लागते आणि सगळंच बंद पडतं. पहिले दोन आठवडे रोज दहा मिनिटंच करावं, मग दर आठवड्याला पाच वाढवावीत.

मुलींचं मैदान तर पाळी सुरू झाली की सुटतं. ते कोणी बंद करत नाही, आपोआप बंद होतं, आणि म्हणून त्याबद्दल कोणी भांडतही नाही. हाडांची जवळजवळ नव्वद टक्के भरणी अठरा-वीसपर्यंत होऊन जाते, आणि ती दूध-नाचणीच्या जोडीला उड्या, धावणं आणि ऊन यांनीच होते. पन्नाशीत मनगट नि मणके मोडायला लागतात, त्याची तयारी आठवी-नववीत झालेली असते. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोनेक वर्षं अनियमित असणं स्वाभाविक आहे. तीन वर्षांनंतरही दोन पाळ्यांत पस्तीस दिवसांहून जास्त अंतर पडत असेल, किंवा कधीही सलग तीन महिने पाळी आली नाही, तर दाखवावं. सोबत हनुवटीवर राठ केस आणि तोच मानेवरचा पट्टा असला तर पीसीओएसची (अंडाशयाशी निगडित संप्रेरकांच्या बिघाडाची) शक्यता मोठी असते आणि त्याच्या मुळाशी पुष्कळदा इन्सुलिनच असतं. अशा मुलीला नुसत्या पाळी आणायच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं तर मूळ दुखणं तसंच राहतं.

तंबाखूवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, सुपारीवर फार कमी. गोड सुगंधी सुपारीची पुडी दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हातात दिसली तर आपल्याला खटकत नाही. त्यापुढची पायरी म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, विदर्भात खर्रा, पश्चिम महाराष्ट्रात मावा. सुपारीत तंबाखू नसली तरी ती स्वतःच कॅन्सरकारक आहे. ती गालाच्या आतलं अस्तर आवळत नेते: आधी तिखट झोंबायला लागतं, मग गालाच्या आत पांढुरकी कडक दोरी हाताला लागते, मग तोंड उघडेनासं होतं. मुलाला त्याचीच तीन बोटं एकावर एक, उभी, पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. जात नसतील तर दंतवैद्याकडे त्याच आठवड्यात न्या. आवळलेलं अस्तर पुरतं मोकळं होत नाही, पण सुपारी सुटली तर पुढचं आवळणं रोखण्याची संधी मिळते. शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट समुपदेशन मिळतं.

हे सगळं पुढच्या, म्हातारपणीच्या रोगांबद्दल आहे असं वाटत असेल तर दोन गोष्टी सांगायला हव्यात. कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदयं तपासली गेली, त्याचा अहवाल १९५३ मध्ये आला. सरासरी वय बावीस. तीन-चतुर्थांशांहून जास्त जणांच्या हृदयाच्या धमन्यांत रोगाच्या खुणा डोळ्यांनी दिसत होत्या. दुसरी गोष्ट अधिक काळजीची आहे. किशोरवयात टाइप २ मधुमेह झालेल्या अमेरिकन मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेतला गेला आणि २०२१ मध्ये निष्कर्ष आले: सरासरी सव्विसाव्या वर्षापर्यंत त्यांतल्या सुमारे साठ टक्क्यांना मूत्रपिंड, डोळे किंवा नसा यांपैकी निदान एका ठिकाणी इजा झालेली होती. चाळिशीत होणारा मधुमेह आणि पंधराव्या वर्षी होणारा मधुमेह यांचा वेग एक नाही. आपल्याकडे २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाच्या दहांतल्या एकाची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आणि शंभरांतल्या पाचांचा रक्तदाब वाढलेला आढळला.

याच्या उलट बाजूचा पुरावाही तितकाच पक्का आहे. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडमधल्या चार दीर्घ अभ्यासांतले सहा हजारांहून जास्त लोक एकत्र धरून २०११ मध्ये पाहिलं गेलं, की लहानपणी लठ्ठ असून मोठेपणी तो लठ्ठपणा गेलेल्यांचा मधुमेहाचा, रक्तदाबाचा धोका हा कधीच लठ्ठ नसलेल्यांच्या जवळपास असतो. म्हणजे पंधराव्या वर्षी झालेलं नुकसान बऱ्याच अंशी भरून येतं. मात्र वाढत्या मुलाचं वजन उपासतापास करून झटकन उतरवायचं नसतं. उंची वाढत असेपर्यंत वजन आहे तिथे रोखून धरलं तरी प्रमाण आपोआप सुधारतं. आणि ताटावर बसल्यावर सगळ्यांसमोर ‘जाड्या, पुरे आता’ म्हणणं ताबडतोब थांबवावं. असं ऐकलेलं मूल कमी खात नाही, चोरून खातं. एकट्याचा पथ्याचा डबा आणि बाकीच्यांना फरसाण, असंही चालत नाही. फरसाणाची बरणी घरातूनच जायला हवी.

तपासण्या फार लागत नाहीत. रक्तदाब आधी. तेरा वर्षांनंतर तो १२०/८० च्या खाली असावा, १३०/८० किंवा वर असेल तर वाढलेला. त्याहून लहान मुलांसाठी वय आणि उंचीप्रमाणे वेगळे तक्ते आहेत. पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून दोनदा मोजावा. जाड दंडाला लहान पट्टा गुंडाळला तर आकडा उगाच जास्त येतो, म्हणून मोठा पट्टा मागून घ्यावा. एकदा वाढलेला दिसला तर घाबरू नये, वेगवेगळ्या दिवशी आणखी दोन वेळा बघावा. रक्तात उपाशीपोटीची साखर (१०० च्या आत), एचबीए१सी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी (५.७ च्या आत), यकृतासाठी एसजीपीटी आणि कोलेस्टेरॉलची पूर्ण तपासणी. एचबीए१सी एकटी करून भागत नाही, विशेषतः मुलींत. लोहाच्या कमतरतेने हिमोग्लोबिन उतरलेलं असेल तर हा आकडा खोटाच वर दिसू शकतो, म्हणून सोबत हिमोग्लोबिन हवंच. सरकारी नि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना पुढच्या उपचारासाठी तेच पाठवू शकतं. पथक आलं त्या दिवशी मूल क्लासला जाऊ नये एवढं पाहावं. सगळं ठीक निघालं पण मानेवर पट्टा असेल किंवा आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असेल, तर वर्षाने पुन्हा. साखर १०० ते १२५ मध्ये असेल तर तीन महिन्यांनी, आणि मधल्या काळात दर पंधरा दिवसांनी फक्त कमरेचा घेर, त्याच टेपने, सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी.